अकरा सेकंद

जिनिंगच्या गच्चीवर आमचा टॉवर,
त्याच्या तारांना कापसाचे पुंजके लटकायचे.
खाली एक खोली, दोन माईक, एक कूलर.
कूलरमध्ये पाणी भरायला मी,
मशीनवर मी, फोन घ्यायलाही मीच.

बोलायचे सुपडूअप्पा.
चोपड्याला रेल्वे नाही,
पण अप्पांची हयात भुसावळच्या यार्डात गेली.
पॉइंट्समन.
गाडी येईपर्यंत तोंड मिटून कसं उभं राहायचं
ते तिथं शिकलो, म्हणायचे.

आखाजीला अडावदच्या मैदानावर
रात्रीचे व्हॉलीबॉलचे सामने.
हॅलोजनभोवती किडे, सातपुड्यातून उतरलेली
पावरा-बारेला पोरं, अनवाणी,
आणि अप्पा अहिराणीत :
“दखा भो, दखा, चेंडू आजून वरच शे…”

चेंडू नेटच्या पट्टीवर टेकला
की अप्पा गप्प.
मग रेडिओवर नुसता जनरेटर,
कुणाचा तरी खोकला,
शेंगा फोडल्याचा आवाज.
एकदा मी मोजले. अकरा सेकंद.
तेवढा वेळ अख्ख्या तालुक्याने श्वास धरला होता,
असं मी सांगतो. पुरावा नाही.

फेब्रुवारीत मालकांनी स्टेशन विकलं.
त्यांना बोल लावत नाही,
पोरीची मेडिकलची फी मला माहीत होती.
कंपनीकडे अशी एकतीस स्टेशनं,
आम्ही सत्ताविसावे. क्लस्टर डी.

अनिमेष नावाचा मुलगा आला, पडद्यावर दाखवत बसला.
पहिल्या चित्रात : ‘स्थानिक हीच आपली ताकद.’
तिसऱ्या चित्रात नऊ गावांना मिळून एक आवाज,
तो पुण्यात बसणार.
दुपारी शेवभाजी खाताना त्याचं नाक वाहू लागलं,
तरी त्याने रस्सा पुन्हा मागितला.
वाईट नव्हता.
जाताना मशीनमध्ये एक गोष्ट बसवून गेला :
चार सेकंद शांतता झाली
की जाहिरात आपोआप लागेल.
शांततेला तो गळती म्हणाला.
टाकीच्या नळाला म्हणतात तशी.

अप्पांना एक हंगाम ठेवलं, बघू म्हणून.

फायनल. शेवटचा सेट. चौदा-तेरा.
वैजापूरच्या गुलशाने मारला,
चेंडू पट्टीवर.
अप्पा गप्प.
एक. दोन. तीन.
मी खोलीत, हात बटनावर,
पण ते बटन आता कशालाच जोडलेलं नव्हतं.
चार.
‘सळई घ्या, पिढ्यान्‌पिढ्या निश्चिंत राहा.’
सळईनंतर प्लायवूड, प्लायवूडनंतर दहा वाजले,
आणि दहाला पुण्याहून क्रिकेटच्या गप्पा.

अप्पांना मेल आला.
म्हणजे मला आला,
अप्पांकडे कुठला मेल.
मी वाचून दाखवला, दोन शब्द गाळले.
ते म्हणाले, “सिग्नल पडना म्हनजे पडना.”
आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठले.

पंधरा दिवसांनी फोन वाजला.
धानोऱ्याच्या केळी पिकवायच्या चेंबरवरचा राखणदार,
रात्रभर थंडीत कान टोपीखाली आणि टोपीखाली रेडिओ.
“भो, तो बॉल कोठे पडना?”
मी म्हटलं, वैजापूर जिंकलं, पेपरात आलंय.
“जिकनं कोन ते माले म्हाईत शे.
बॉल कोठे पडना?”

मला कुठे माहीत होतं.
मी तर खोलीत.

त्याला धरून ठेवायला सांगितलं,
सायकल काढली, तेली गल्लीतून अप्पांचं घर गाठलं.
ते ओट्यावर तूर निवडत होते.
फोन स्पीकरवर टाकून सुपाच्या कडेला ठेवला.
अप्पा वाकले. “हां,” म्हणाले.
आणि गप्प.

चौथ्या सेकंदाला माझाच हात हलला, सवयीनं.
काहीच लागलं नाही.
फोनमधून कॉम्प्रेसरची घरघर येत राहिली,
आणि नवव्याला
तिकडे त्याने तो बंद केला,
नीट ऐकू यावं म्हणून.